एकच भिंत

सांगलीत, खणभागात,
आमची खोली आणि मोहिनी टॉकीज
यांच्यात भिंत एकच होती.
त्यांच्या बाजूने निळा डिस्टेंपर, पानाच्या पिचकाऱ्या.
आमच्या बाजूने तीन खुंट्या,
खताच्या कंपनीचं कॅलेंडर
आणि दादांचा यार्डातला सदरा.
झटकला की खोलीभर हळद.

सिनेमे मी पाहिले थोडे,
ऐकले मात्र सगळे.
दिवसाला तीन खेळ, शुक्रवार ते गुरुवार,
एकेक एकवीस वेळा.
तिसऱ्या दिवशी मला संवाद पाठ,
पाचव्या दिवशी शालन
खलनायकाच्या आधी हसायची.

कोण कसं दिसतं ते माहीत नव्हतं,
म्हणून तोंडं आम्हीच दिली.
हिरोला रेशन दुकानातल्या वसंता मगदूमचं,
इन्स्पेक्टरला उपाध्ये सरांचं, चष्म्यासकट.
आईला द्यावं लागलं नाही;
सिनेमातल्या सगळ्या आया
आमच्या आईसारख्याच खोकायच्या.

पलीकडे ढग गडगडले की
आई दोरीवरचे कपडे काढायला धावायची.
शुक्रवारीच फक्त.
शनिवारी तिने गडगडाट ओळखला, बसून राहिली,
तर नेमका खरा वळीव आला.
सदऱ्यांची हळद वाहत वाहत
टॉकीजच्या पायरीपर्यंत गेली.
दादा त्या दिवशी हसले होते.
लक्षात आहे, कारण ते मोजून हसायचे.

एकदा बाबालाल मुजावरने
इंटरव्हलनंतर आम्हाला बाजूच्या दाराने आत घेतलं.
शनिवारी हमालांचा पगार व्हायचा,
त्यामुळे त्याच्या हातातली अर्धी तिकिटं पिवळी.
आम्ही पहिल्या रांगेच्याही पुढे, फरशीवर.
माना दुखेपर्यंत वर बघितलं.
हिरोला वसंताचं तोंड नव्हतं.
कुणी तरी परकाच माणूस
आमच्या ओळखीचं सगळं बोलत होता.
शालन रडायलाच लागली.
घरी आल्यावर भिंतीला कान लावून
शेवटच्या खेळात आम्ही
वसंताला परत जागेवर बसवला.

आता ती रात्र.
ती मी कुणाला सांगितलेली नाही, शालनलासुद्धा.

शेवटचा खेळ, शेवटची मारामारी.
पेटारे फुटतायत, काचा, घोडे,
पब्लिक बाकड्यांवर उभं.
आणि लाईट गेली.
सगळ्या गल्लीचीच गेली.
भिंत एकदम मुकी झाली.
शिट्ट्या सुरू व्हायला
जेवढा वेळ लागतो, दोन श्वास, तीन,
तेवढ्यात खोलीत एक आवाज उरला.

आई रडत होती.
तोंडात पदर, तरी मोठ्यानं,
मारामारीच्या मापानं.
आवाज एकाएकी उघडा पडला
आणि तिला तो लगेच झाकता आला नाही.

मग पलीकडे शिट्ट्या, शिव्या,
'जिन्नाप्पा, पैसे परत दे!'
तोवर ती पाणी प्यायला उठली होती,
भांडं जरा जास्तच वाजवत.
दादा भिंतीकडे तोंड करून पडले होते.
झोपले होते की नव्हते,
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर मी सिनेमा वेगळा ऐकायला लागले.
मारामारी आली की
घोडे बाजूला सारायचे, काचा बाजूला सारायच्या,
आणि खाली, अगदी तळाशी, शोधत राहायचे.
काही वेळा सापडायचं.
काही वेळा नुसतेच घोडे.

मोहिनी पाडली तेव्हा
आमची खोलीही पडली; भिंत एकच होती.
तिथे आता गाड्या लावतात.
तासाला वीस रुपये,
पावती पांढरी.

आई विश्रामबागेत माझ्याकडे असते.
दादा गेले त्याला आठ वर्षं झाली.
कान चांगले आहेत तिचे,
कुकरची शिट्टी खालच्या मजल्यावरची मोजते.
तरी रात्री टीव्हीवर काही धडाड-धूम लागलं
की नजर पडद्यावरून न काढता म्हणते,
'आवाज वाढव गं जरा.'

मी वाढवते.
आणि स्वयंपाकघरात जाऊन
उगाच भांडी लावत बसते.